लेमन धूमकेतू: माझा ५.३, दुसऱ्याचा ३.५, आता खरा कुणाचा? (नाशिक, दिवाळी २०२५)

गोदाकाठचा_उनाड | २१ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

मंडळी, लक्ष्मीपूजन उरकलं, बत्तासे खाल्ले आणि लिहायला बसलोय.

सी/२०२५ ए६ लेमन हा धूमकेतू आज पृथ्वीच्या सगळ्यात जवळ आहे, साधारण ०.६ खगोलीय एकक (पृथ्वी-सूर्य अंतराच्या ०.६ पट), म्हणजे नऊ कोटी किलोमीटर. जानेवारीत अॅरिझोनातल्या माउंट लेमन सर्वेक्षणात सापडला, म्हणून हे नाव. लिंबाशी काही संबंध नाही, आमच्या घरी विचारून झालंय.

आज फटाक्यांचा धूर असणार म्हणून कालच, नरकचतुर्दशीच्या संध्याकाळी, गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला गेलो होतो. पश्चिमेला पाणी, पाठीमागे शहराचा उजेड. जागा झकास. पण पहिला अर्धा तास वाया गेला, कारण मोबाईलमधलं आकाशाचं अॅप मला चक्क दक्षिणेकडे बघायला लावत होतं. मोबाईलच्या कव्हरला लोहचुंबक आहे हे सातला पाच मिनिटं कमी असताना लक्षात आलं. कव्हर काढलं, स्वातीची चांदणी सापडली, तिच्या उजवीकडे वरच्या बाजूला १०×५० बायनॉक्युलरमधून कापसाच्या बोळ्यासारखा तो दिसला. वर जाणारी शेपटी असल्यासारखी वाटली, शपथेवर सांगणार नाही.

प्रत, म्हणजे तेजस्वितेचा आकडा (जितका लहान तितका उजळ), काढली ५.३. घरी येऊन ग्रुपवर टाकली तर एक जण म्हणतो ३.५, दुसरा म्हणतो ५.० आणि एका अॅपमध्ये तर दोन वेगवेगळे आकडे. एकच धूमकेतू, एकच संध्याकाळ. यातला खरा आकडा कोणता?

---

शटरबाज | २१ ऑक्टोबर, रात्री १०.०५

३.५ वाला मीच. 😄 पेठ रोडच्या पुढे गेलो होतो. १३५ मिमी लेन्स, ८ सेकंदांचे चाळीस फोटो एकावर एक रचले. शेपटी तर मस्तच आलीये. फोटोत शेजारच्या ताऱ्यापेक्षा हा जास्त उजळ दिसतोय, त्यावरून ३.५.

---

खवचट_काका | २१ ऑक्टोबर, रात्री १०.२०

म्हणजे एकाने धुरातून बघितलं आणि दुसऱ्याने फोटो घासूनपुसून बघितला. सरासरी काढा, ४.४. विषय संपला, फराळाला या.

---

चित्रानक्षत्र | २१ ऑक्टोबर, रात्री ११.१०

काका, सरासरी काढून चालत नाही हो. दोन चुकांची सरासरी ही तिसरी चूक.

उनाडभाऊ, आधी एक सांगा: तुलना कशी केलीत? धूमकेतू आणि तारा दोन्ही नीट फोकसमध्ये ठेवून बघितलंत ना?

---

गोदाकाठचा_उनाड | २१ ऑक्टोबर, रात्री ११.१४

हो ताई. मग अजून कसं करणार?

---

चित्रानक्षत्र | २१ ऑक्टोबर, रात्री ११.५२

गडबड तिथेच झाली. सवडीने लिहिते, फटाक्यांमुळे झोप येणारच नाहीये.

ताऱ्याचा सगळा प्रकाश एका टिंबात असतो. धूमकेतूचा तेवढाच प्रकाश चंद्राच्या पाव-तिसऱ्या हिश्शाएवढ्या रुंदीवर पसरलेला असतो. चमचाभर तूप वाटीत असलं तर दिसतं, तेच पोळीभर पसरलं तर पोळी कोरडीच वाटते. टिंब आणि बोळा शेजारी ठेवले की डोळा टिंबाच्या बाजूने झुकतो आणि धूमकेतू हमखास फिकट लिहिला जातो. तुमचा ५.३ तिथून आला.

यावरचा उपाय जुना आहे आणि फुकटात होतो. त्याला सिजविक पद्धत म्हणतात. धूमकेतू फोकसमध्ये ठेवून त्याचा आकार आणि सरासरी उजेड डोक्यात पक्का करायचा. मग बायनॉक्युलर ताऱ्याकडे वळवून फोकसचं चाक फिरवायचं, ताऱ्याची पसरट चकती धूमकेतूएवढी होईपर्यंत. आता बोळ्याची तुलना बोळ्याशी झाली. चकती धूमकेतूपेक्षा उजळ दिसणारा एक तारा शोधायचा आणि मंद दिसणारा एक.

या आठवड्यासाठी भूतप मंडळातले, ग्रीक अक्षरांवरून नावं असलेले दोन तारे देते: रो ३.६ आणि पाय ४.५. दोघांच्या मधे ०.९ चं अंतर आहे, त्याचे मनात दहा भाग करायचे. धूमकेतू रो पासून पायकडे सात भाग सरकलेला वाटला तर ३.६ + ०.६३, म्हणजे ४.२. बस्स.

आणि कृपा करून तुलनेचा तारा डोक्यावरचा घेऊ नका. क्षितिजापासून दहा-बारा अंशांवर प्रकाश हवेच्या साधारण पाचपट जाड थरातून येतो आणि एक प्रत तरी सहज खातो. दोघे साधारण एकाच उंचीवर हवेत, म्हणजे दोघांचं सारखंच नुकसान.

शटरबाज, तुमच्या फोटोत ताऱ्याचं टिंब पांढरं पडून कापलं गेलंय आणि धूमकेतूचा पसारा साठत गेलाय, म्हणून तो उजळ वाटतो. फोटो सुरेख आहे, पण त्यावरून नजरेने प्रत काढू नका. त्या फोटोतून दुसरी चांगली गोष्ट काढता येईल, उद्या सांगते.

---

डॉब_आठ_इंची | २२ ऑक्टोबर, सकाळी ७.३०

ग्रुपवरचा ५.० माझा. मी सिजविकनेच काढलाय ताई. तोही ८ इंची दुर्बिणीतून! माझा कसा काय चुकेल?

---

चित्रानक्षत्र | २२ ऑक्टोबर, सकाळी ८.१५

८ इंची आहे म्हणूनच! मोठ्या दुर्बिणीत प्रतिमा जास्त मोठी होते, दृश्यक्षेत्र लहान. मधला घट्ट भाग छान दिसतो, पण बाहेरचा विरळ पसारा पार्श्वभूमीत विरघळून जातो आणि आपण तो मोजतच नाही. जेवढी दुर्बीण मोठी तेवढा धूमकेतू फिकट, हा निरीक्षकांचा नेहमीचा अनुभव आहे. म्हणून नियम असा की धूमकेतू ज्यातून जेमतेम नीट दिसतो असं लहानात लहान साधन घ्यायचं. ४-५ प्रतीच्या धूमकेतूला बायनॉक्युलर पुरे.

अॅपमधल्या दोन आकड्यांचं रहस्यही सोपं आहे. एम-१ म्हणजे संपूर्ण डोक्याची प्रत, एम-२ म्हणजे फक्त मधल्या टिंबाची. एम-२ बघून "अरे, हा तर दिसणारच नाही" म्हणत घरी बसलेले लोक मला माहीत आहेत. (मीच. १९९६, ह्याकुताके धूमकेतू. नशीब, भावाने ओढून गच्चीवर नेलं.)

---

बागाईतदार_दिंडोरी | २२ ऑक्टोबर, दुपारी १.३०

राम राम. मी द्राक्षवाला माणूस, तुमच्यातला नाही. पण काल पाडव्याच्या तयारीत गाडीतून सामान उतरवताना पोरगं ओरडलं, बाबा ते बघा. आमच्याकडे मळ्यात अंधार चांगला आहे. नुसत्या डोळ्यांनी अंधुक पुसटसा ठिपका, नजर जरा बाजूला केली की जास्त बरा दिसायचा. माझ्याकडे ७×५० आहे, बागेत पाखरं राखायला घेतलेली. त्यातून शेपटी स्पष्ट होती. हात लांब करून मोजलं तर क्षितिजापासून दीड मूठ तरी वर होता.

छाटणी झालीये, डावणीच्या (द्राक्षांवरच्या बुरशीच्या) भीतीने रोज आभाळाकडेच बघतोय. म्हटलं ढग बघता बघता हेही मोजू. आज चाक फिरवून बघतो.

---

खवचट_काका | २२ ऑक्टोबर, दुपारी २.०५

शेतकरीदादा, धूमकेतू म्हणजे अवकाळी, दुष्काळ आणि राजावर संकट. औषध जास्तीचं मारून ठेवा.

---

बागाईतदार_दिंडोरी | २२ ऑक्टोबर, दुपारी २.२०

काका, अवकाळीला धूमकेतू लागत नाही, आमच्याकडे ती दर ऑक्टोबरला येते.

पण आजी त्याला शेंडेनक्षत्र म्हणते. तिने पासष्ट साली पाहिलंय म्हणे. लढाई नुकतीच थांबली होती, दिवाळी झाल्यावर पहाटे गोठ्यात जाताना पूर्वेला उभा खराट्यासारखा पांढरा झोत. पुढे जानेवारीत शास्त्रीजी गेले तेव्हा अख्ख्या गावाने त्या खराट्यालाच दोष दिला.

---

चित्रानक्षत्र | २२ ऑक्टोबर, दुपारी ३.४०

आजींनी इकेया-सेकी पाहिलाय! त्यांना माझा नमस्कार सांगा. तो सूर्याला सगळ्यात जवळून गेला २१ ऑक्टोबर १९६५ ला, आणि आपला लेमन पृथ्वीजवळ आला २१ ऑक्टोबर २०२५ ला. बरोबर साठ वर्षं. योगायोग आहे, काकांनी यावर काही लिहू नये.

तो सूर्याच्या पृष्ठभागापासून जेमतेम साडेचार लाख किलोमीटरवरून गेला. भर दिवसा, सूर्य आडोशाला धरून लोकांनी पाहिला, प्रत उणे १० च्या घरात. आणि तिथल्या भट्टीत त्याची धूळच वाफ झाली, त्यामुळे वर्णपटात लोह, निकेलसारख्या धातूंच्या रेषा दिसल्या. एरवी धूमकेतूत काय आहे ते विचारलं तर वायूच उत्तर देतात. त्या वेळी दगडानेही तोंड उघडलं.

---

शटरबाज | २२ ऑक्टोबर, संध्याकाळी ५.१०

ताई, फोटोतून काय काढायचं ते राहिलं. आणि हा हिरवा का दिसतो तेही सांगा, मी रंग वाढवलेले नाहीत, आईशप्पथ.

---

चित्रानक्षत्र | २२ ऑक्टोबर, रात्री ९.३०

फोटोचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन भाग वेगळे करा. प्रत्येकात डोक्याचा व्यास किती पिक्सेल येतो ते मोजा. एवढंच करा आणि इथे लिहा.

हिरव्याचं गुपित तुमच्या स्वयंपाकघरात आहे. ओट्याजवळचा दिवा बंद करा, गॅस पेटवा. ज्योतीच्या बुडाशी जो निळा-हिरवा शंकू असतो त्यातला हिरवा हा दोन कार्बन अणूंच्या जोडीचा, सी-२ चा. विल्यम स्वान या स्कॉटिश माणसाने १८५० च्या दशकात असल्याच ज्योतींचा वर्णपट तपासला, म्हणून त्या पट्ट्यांना स्वान पट्टे म्हणतात. सगळ्यात ठळक पट्टा ५१६ नॅनोमीटरजवळ, शुद्ध हिरवा. १८६८ मध्ये विल्यम हगिन्सने धूमकेतूचा वर्णपट आणि प्रयोगशाळेतल्या कर्बयुक्त वायूचा वर्णपट शेजारी ठेवले, तर पट्टे जुळले. धूमकेतूत कार्बन आहे हे माणसाला असं कळलं, तिथे न जाता.

जुनी सीडी असेल तर तिच्या चकाकत्या बाजूवर ज्योतीचं प्रतिबिंब तिरकं धरून बघा. सलग इंद्रधनुष्य न दिसता तुटक पट्टे दिसतात. पिवळा दिसला तर ते मिठाचं सोडियम, आमटी उतू गेली असेल.

गंमत पुढे आहे. हे सी-२ सूर्यप्रकाशात साधारण दोन दिवसांत तुटून जातं. म्हणून डोकं हिरवं, पण शेपटीपर्यंत ते पोचतच नाही. शेपटीतला निळा रंग कार्बन मोनॉक्साइडच्या आयनांचा, आणि पिवळट-पांढरी शेपटी म्हणजे धुळीवरून परतलेलं ऊन.

---

शटरबाज | २२ ऑक्टोबर, रात्री १०.४५

मोजलं. हिरव्यात ९० पिक्सेल, लालमध्ये ५५. निळ्यात कडा कुठे संपते तेच कळत नाही. हा फरक कशाचा?

---

डॉब_आठ_इंची | २२ ऑक्टोबर, रात्री ११.०५

याचं उत्तर मी देतो, ताईंना झोपू द्या.

लालमध्ये बहुतेक धूळ दिसते, हिरव्यात धूळ अधिक सी-२ वायू. वायू लांबवर पसरतो, म्हणून हिरवा बोळा मोठा. वर्णपटयंत्राशिवाय घरबसल्या धूळ आणि वायू वेगळे केलेस की!

आता आकार. १३५ मिमी लेन्स आणि ३.९ मायक्रॉनचा पिक्सेल असेल तर एक पिक्सेल म्हणजे ६ विकला (अंशाचा साठावा भाग कला, कलेचा साठावा भाग विकला). ९० पिक्सेल म्हणजे ५४० विकला, ९ कला. माझ्याकडे मोटर नाही, म्हणून मी वेगळ्या रस्त्याने गेलो: दुर्बीण स्थिर सोडली आणि डोक्याची पुढची कड दृश्यक्षेत्राच्या काठाला टेकल्यापासून मागची कड बाहेर जाईपर्यंत घड्याळ लावलं. ४० सेकंद. आकाश सेकंदाला १५ विकला सरकतं, म्हणजे १० कला, त्याला क्रांतीच्या (खगोलीय विषुववृत्तापासूनच्या कोनाच्या) कोज्येने गुणायचं, आत्ता सुमारे ०.९. आले ९ कला. तुझा कॅमेरा आणि माझं मनगटी घड्याळ एकाच उत्तरावर!

एक खगोलीय एककावर एक कला म्हणजे ४३,५०० किलोमीटर. ०.६ वर २६,०००. त्याला नवाने गुणलं की २ लाख ३४ हजार किलोमीटर. गुरू ग्रहाचा व्यास १ लाख ४३ हजार आहे.

---

खवचट_काका | २३ ऑक्टोबर, सकाळी ८.००

गुरूपेक्षा मोठा? मग आपण कसे वाचलो?

---

डॉब_आठ_इंची | २३ ऑक्टोबर, सकाळी ८.२५

काका, तो नुसता फुगारा आहे. आतला खरा गोळा, केंद्रक, काही किलोमीटरचा असतो आणि तो आपल्याला कधीच दिसत नाही. हॅलेचं केंद्रक १९८६ मध्ये जोत्तो यानाने जवळून पाहिलं: साधारण १५ किलोमीटर लांब, ८ रुंद, आणि कोळशाहून काळं, पडलेल्या उजेडातला ४ टक्केच परत करणारं. गंगापूर धरणापासून पांडवलेणीपर्यंतचा डांबरी डोंगर समजा. त्यातून निघालेल्या वाफेचा आणि धुळीचा हा सगळा थाट.

त्यामुळे प्रत बघून केंद्रकाचा आकार सांगता येत नाही. ६७पी नावाच्या धूमकेतूचं केंद्रक चार किलोमीटरचं, हेल-बॉप धूमकेतूचं साठच्या आसपास. पण एखादा छोटा गोळाही सूर्याजवळ भरपूर वाफ सोडायला लागला की मोठ्याला झाकून टाकतो. मागच्या वर्षीचा त्सुचिनशान-अॅटलास आठवा. ९ ऑक्टोबर २०२४ ला तो उणे ४ च्या पुढे गेला, तोही केंद्रक मोठं म्हणून नव्हे. तो आपल्या आणि सूर्याच्या मधे आला आणि धुळीतून ऊन थेट पुढे फेकलं गेलं. बसच्या धुळकट काचेवर समोरून ऊन आलं की काच पेटते, तसं.

---

बारावीची_परीक्षार्थी | २३ ऑक्टोबर, सकाळी ११.४०

ताई, आमच्या क्लासच्या ग्रुपवर ३आय/अॅटलास म्हणजे परग्रहावरचं यान आहे असं फिरतंय. तोही नाशिकहून दिसेल का?

---

चित्रानक्षत्र | २३ ऑक्टोबर, दुपारी १२.३०

सध्या तो सूर्याच्या पलीकडे आहे बाळा, आणि नंतरही साध्या बायनॉक्युलरच्या आवाक्यात येणं कठीण. तो दुसऱ्या ताऱ्याकडून आलेला तिसरा ज्ञात पाहुणा, १ जुलैला सापडला. जेम्स वेब दुर्बिणीने त्याच्याभोवती पाण्याच्या वाफेच्या सुमारे आठपट कार्बन डायऑक्साइड मोजला, आपल्याकडच्या धूमकेतूंच्या मानाने फारच जास्त. हबलच्या फोटोंवरून केंद्रक ४४० मीटर ते ५.६ किलोमीटर यांच्या मधे कुठेतरी. एवढी मोठी फट का, हे वर डॉबदादांनी सांगितलंच आहे: फुगाऱ्यात गोळा हरवतो, हबललासुद्धा.

यानाचं फॉरवर्ड पाठवणाऱ्याला एकच विचार: यान कार्बन डायऑक्साइड सोडत सूर्याकडे कशाला जाईल? तू मात्र अभ्यास कर. आणि सूत्र हवं असेल तर हे घे: प्रत = मूळ प्रत + ५ लॉग (पृथ्वीपासून अंतर) + १० लॉग (सूर्यापासून अंतर), अंतरं खगोलीय एककात. लेमनसाठी ०.६ आणि ०.६७ घाल, प्रत ४.२ धर आणि मूळ प्रत काढ.

---

बारावीची_परीक्षार्थी | २३ ऑक्टोबर, दुपारी १२.५५

५ लॉग ०.६ = उणे १.१. १० लॉग ०.६७ = उणे १.७. म्हणून ४.२ + २.८ = ७.०?

पण मग ८ नोव्हेंबरला सूर्याजवळ ०.५३ वर येईल तेव्हा खूप उजळेल ना?

---

चित्रानक्षत्र | २३ ऑक्टोबर, दुपारी १.१०

शाब्बास. सूर्याकडून मिळेल ते पृथ्वीपासून लांब जाताना गमवेल, त्यामुळे फारसा फरक नाही. वर पौर्णिमा ५ नोव्हेंबरला. हेच चार दिवस आपले. आणि तो १० चा गुणक म्हणजे सरासरी स्वभाव आहे, प्रत्येक धूमकेतू तो पाळतोच असं नाही. तो पाळतो का हे बघायलाच तर रोजची प्रत लिहायची.

---

गोदाकाठचा_उनाड | २३ ऑक्टोबर, रात्री ८.४५

आज भाऊबीज आटोपून पळालो पुन्हा धरणावर. पोलिसांची गाडी थांबली, "काय चाललंय?" म्हटलं धूमकेतूची प्रत काढतोय. साहेबांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाईककडे बघितलं, मग स्वतःच बायनॉक्युलर मागितली. त्यांना शेपटी माझ्याआधी दिसली.

सिजविकने ४.३. परवाच्या माझ्या ५.३ पेक्षा पूर्ण एक प्रत उजळ, म्हणजे अडीचपट प्रकाश मी नुसता फोकसमध्ये सांडत होतो. वही अशी लिहिली, तपासा:

ऑक्टोबर २३.७९, ४.३, सिजविक, १०×५० बायनॉक्युलर, डोकं ९ कला, घट्टपणा ५ (० ते ९ मध्ये), उंची १० अंश, थोडा धूर.

---

चित्रानक्षत्र | २३ ऑक्टोबर, रात्री ९.०५

२३.७९ म्हणजे २३ तारीख आणि दिवसाचा ०.७९ भाग, आपली संध्याकाळची सात. जागतिक वेळ लिहायची. साडेपाच तास वजा, दुपारचे दीड, २३.५६. ते दुरुस्त करा आणि कॉब्स या धूमकेतू-निरीक्षणांच्या संकेतस्थळावर टाका, तिथे जगभरचे निरीक्षक टाकतात. धूर लिहिलात ते फार बरं केलंत. परवाचा ५.३ खोडू नका, पुढे "फोकसमध्ये" एवढं लिहून ठेवा.

---

डॉब_आठ_इंची | २३ ऑक्टोबर, रात्री ९.३०

आज दुर्बीण घरी ठेवून बायनॉक्युलर घेतली. ४.२. गप्प बसतो.

---

खवचट_काका | २३ ऑक्टोबर, रात्री ९.५०

आता परत कधी येणार हे शेंडेनक्षत्र?

---

शटरबाज | २३ ऑक्टोबर, रात्री १०.००

सुमारे साडेअकराशे वर्षांनी, काका. मागच्या वेळी सुमारे साडेतेराशे वर्षांपूर्वी आला होता. तेव्हा इकडे चालुक्यांचं राज्य होतं आणि आपली बरीचशी पांडवलेणी तेव्हाच जुनी झाली होती.

---

बागाईतदार_दिंडोरी | २३ ऑक्टोबर, रात्री १०.४०

उशीर झाला, आत्या आल्या होत्या. सगळ्यांना रांगेने दाखवलं.

माझं ४.१. पण खरा किस्सा आजीचा. तिच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, डाव्याचं राहिलंय. खुर्चीवर बसवून कोपर खांबाला टेकवलं, ७×५० हातात दिली. उजव्याने म्हणाली, चांदण्या टोचतात आणि शेंडेनक्षत्र काही दिसत नाही. मग डाव्याने लावली. म्हणाली, आता सगळेच सारखे पसरले. विचारलं, ती वरची चांदणी जास्त की हा? "ती जास्त." आणि खालची? "खालची कमी. हा मधला, पण खालचीकडे झुकलेला."

वरची रो, खालची पाय. मी ४.२ लिहिलं, पुढे पद्धत सिजविक, चाक न फिरवता. ताई, चालेल ना?

---

चित्रानक्षत्र | २३ ऑक्टोबर, रात्री १०.४८

पळेल! साधनाच्या रकान्यात डावा डोळा लिहा.